न चाखलेलं तळं

जे पाणी मी ओंजळीनं प्यायलो नव्हतो, ते आहे म्हणून मी माझ्या भावाला सांगितलं. चूक एवढीच. पण मेंढरं राखणाऱ्या घरात याहून मोठी चूक नसते.

घर सोडलं तेव्हा आमचा कळप केजकडच्या माळावर होता. आईनं भाकरी बांधून दिली आणि माझा थोरला भाऊ नाना मला युसूफ वडगाव या गावाच्या फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसल्यावर एवढंच म्हणाला, "आता पुढं जाऊन पाणी कुणी बघायचं?" कळप हलण्याआधी एकानं पुढं जाऊन पाणी शोधायचं, हे आधी वडिलांचं, बापूंचं काम; ते थकल्यावर माझ्याकडं आलेलं. बापू बजावायचे, "नुसतं बघून येऊ नगं. पिऊन ये, मग सांग."

आता मी जर्मनीत यंत्रांची ड्रॉइंग तपासतो. हिवाळ्यातल्या रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग मी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ, लावतो आणि लहानसं विमान घेऊन अलास्काचे, पामीरचे डोंगर हिंडतो. रस्ता नाही, घर नाही, कुठं चुलीचा धूर नाही. अरुंद दरीत शिरायचं, खिंडीवरून कसंबसं वर निघायचं. एखादं तळं दिसलं की नकळत विमान कलतं करून मी काठ बघतो. उतार सोपा आहे का, जनावर खाली उतरेल का. बायको हसते. म्हणते, तिथं कुणाची मेंढरं ठेवलीत?

गेल्या उन्हाळ्यात नानाशी फोनवर बोलता बोलता मी खेळातलं विमान आमच्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरांवर नेलं. नाना वैतागलेला होता. गेवराईकडं गोदाकाठी जायचं तर हायवेवरून कळप न्यावा लागतो, वाळूचे ट्रक अंगावर येतात. तेवढ्यात मला पडद्यावर एका घळीत निळंशार तळं दिसलं, भोवती हिरवं. ती घळ कुठली ते सांगून मी म्हणालो, नाना, वर डोंगरात जा, पाणी आहे. हे खेळात दिसतंय, असं मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी माझं जुनं काम मला परत मिळालं होतं, ते सोडवेना.

"तू बघितलंस न्हवं? मग झालं," नाना म्हणाला.

तळं कोरडं ठाक होतं. पडद्यावरचं पाणी कुठल्या तरी जुन्या पावसाळ्याचं असणार. परत उतरताना चांदी, कळपापुढं चालणारी आईची लाडकी मेंढी, बसली ती उठलीच नाही. नानानं फोनवर मला एकदाही दोष दिला नाही. "आटलं व्हतं रे. व्हतं असं." ऐकून मला हलकं वाटलं, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा पामीरवर होतो. हे लिहिताना लाज वाटते.

दिवाळीनंतर गावी आलो तेव्हा कळप गेवराईच्या अलीकडं एका शेतात बसवला होता. शेतमालकाला खत, आपल्याला जागा. आईनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी केल्या. माझ्यापुढं शेळीचं दूध आलं.

"साहेबाला दूध, आमाला ठेचा," नाना म्हणाला.

"तू गप," आई म्हणाली. "लई वाट माहिती असल्यावानी वर गेलतास. माझी चांदी घालवलीस."

"व्हय, माझंच चुकलं," नाना भाकरी मोडत म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे घरी त्यानं माझं नावच काढलं नव्हतं. सहा महिने आईची बोलणी तोच खात होता.

त्या निर्मनुष्य डोंगरांत मला इतकं मोकळं का वाटायचं, ते मला त्या चुलीपुढं कळलं. तिथं मी काहीही बोललो तरी कुणी चालू पडत नाही. इथं माझ्या शब्दावर एक माणूस शंभर जिवांना घेऊन डोंगर चढतो, अजूनही. तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना घर म्हणजे काय वाटतं ठाऊक नाही. मला आता हेच वाटतं.

मी दुधाची वाटी खाली ठेवली.

"आई, त्याला बोलू नगं. तळं मी सांगितलंतं. न बघता, न पिता. चांदी माझ्यामुळं गेली." मग नानाकडं वळलो. "नाना, माझं चुकलं. मला माफ कर."