एवढ्या वर्षांची ओळख

माझ्या मोठ्या जाऊबाई विमा विकतात. त्यांना स्कूटर येत नाही, म्हणून सारथ्य माझ्याकडे. त्यामुळे त्यांच्या धंद्यातलं बरंवाईट मी जवळून पाहिलंय. बाजारात त्यांना सगळे विमाताई म्हणतात, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही.

सुरुवातीला नातेवाइकांनीच दारं लावून घेतली. एखाद्या लग्नात जाऊबाई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, की चुलत सासऱ्यांना लगेच कुणाचा तरी फोन यायचा, न वाजताच! पण बाई चिवट. दुकानादुकानांत त्यांनी चपला झिजवल्या, आणि गंमत म्हणजे विकण्यापेक्षा नको म्हणण्यासाठीच जास्त. "एवढा हप्ता तुम्हाला पेलणार नाही, लहान पॉलिसी घ्या," असं सांगणारी एजंट मी दुसरी पाहिली नाही. त्यांच्या ऑफिसातले साहेब कपाळाला हात लावायचे.

लॉन्ड्रीवाले हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नुसतं गिऱ्हाईक कसलं, घरोबाच होता. त्यांची आई आजारी होती तेव्हा जाऊबाई दवाखान्यात डबा पोचवायच्या, आणि त्यांच्याकडे गेलं की चहा घेतल्याशिवाय सुटका नसायची.

मग एका दुपारी लॉन्ड्रीला आग लागली. कपडे वाळवायच्या मशीनमध्ये साचलेल्या धाग्यांनी पेट घेतला आणि चार मशीन्स जळून गेली. माणसं वाचली, हे नशीब. आम्ही पोचलो तेव्हा ओल्या राखेचा वास नाकात बसत होता आणि लॉन्ड्रीवाले पायरीवर डोकं धरून बसले होते. जाऊबाईंनी तिथूनच कंपनीला कळवलं, फोटो काढून घेतले, कशालाही हात लावू नका म्हणून बजावलं.

निघताना लॉन्ड्रीवाल्यांनी जाऊबाईंना बाजूला घेतलं. "ताई, मागच्या शेडमध्ये दोन मशीन्स बंद पडलेली आहेत. तीही यातच जळाली असं दाखवू. पाहणीला येणारे ते सर्व्हेअर तुमच्या ओळखीचे आहेत ना? एक शब्द टाका."

"ओळख आहे म्हणूनच टाकणार नाही. आणि तुम्ही हा उद्योग करू नका. खऱ्या चार मशीन्सवरही पाणी पडेल."

"मग एवढ्या वर्षांची ओळख काय चाटायची आहे?"

जाऊबाई स्कूटरवर येऊन बसल्या. घरापर्यंत माझ्या पाठीशी पुटपुटत होत्या. "डबे पोचवले ते याच्यासाठी? याच्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आले. बाजारात त्यांना फूटपट्टी म्हणतात. हा माणूस स्वतःचा चहाही थर्मासमधून आणतो, पाहणीच्या ठिकाणचं पाणीसुद्धा पीत नाही. ते आत गेले, आणि पाहतो तर काय, ती दोन भंगार मशीन्स रातोरात भिंतीशी येऊन उभी! वरून काजळीही फासलेली.

फूटपट्टींनी एक मशीन थोडं सरकवायला लावलं, खाली वाकून पाहिलं. "आग लागली तेव्हा हे इथे असतं, तर खालची फरशी स्वच्छ राहिली असती. ही तर काळी आहे." मग वळून म्हणाले, "विमाताई, तुम्हाला माहीत होतं?"

लॉन्ड्रीवाले जाऊबाईंकडे असे बघत होते, की मलाच घाम फुटला.

"ही दोन शेडमध्ये होती," जाऊबाई म्हणाल्या. "असं करू नका म्हणून मी काल सांगितलं होतं. बाकीची चार मात्र खरोखर जळलीत, साहेब. खोट्याबरोबर खरंही बुडवू नका."

"मी पाहिलं तेवढंच लिहिणार."

जाऊबाईंनी मग लॉन्ड्रीवाल्यांच्या बायकोला पुढे बोलावलं. त्या वहिनींनी नवऱ्याला असं काही झापलं, की त्यांनी तिथेच लिहून दिलं, या दोन मशीन्सची भरपाई आम्हाला नको.

तरीही कंपनीला संशय आलाच. सगळी भरपाई नाकारायच्या गोष्टी सुरू झाल्या. जाऊबाई रोज त्या ऑफिसात जाऊन बसायच्या. या टेबलावरून त्या टेबलावर, "उद्या या" आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत". त्याच मजल्यावर नव्या एजंटांचं शिबिर चाललं होतं. ग्राहकाशी नातं कसं जोडावं, तर म्हणे वाढदिवसाला मेसेज पाठवावा. ते ऐकून जाऊबाई इतक्या मोठ्याने हसल्या, की शिपायाने येऊन दार लावलं.

शेवटी चार मशीन्सची भरपाई मंजूर झाली. फूटपट्टींनी अहवालात विचारताच एजंटने खरं सांगितल्याचं लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला. जाऊबाई आभार मानायला गेल्या, तर ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही." आणि थर्मासचं झाकण लावलं.

"अख्ख्या बाजारात एक माणूस माझ्यासारखा," खाली येऊन जाऊबाई चिडल्या, "आणि तोही असा लाकडाचा!"

खरा घाव पुढेच होता. नव्या मशीन्सच्या पॉलिसीचं बोलायला आम्ही लॉन्ड्रीत गेलो, तर भिंतीवर दुसऱ्याच एजंटचं कॅलेंडर. लॉन्ड्रीवाले इस्त्रीतून मान वर न काढता म्हणाले, "तो मुलगा बरा आहे. समजून घेतो."

जाऊबाई वळल्या आणि पायऱ्या उतरल्या. "सोडून देते मी हे सगळं," असं त्या आठवड्यात त्या निदान दहादा म्हणाल्या. भाऊजींनी एकदाच "सोड मग" म्हटलं, तर त्यांच्यावरच भडकल्या.

परवा एका पडदेवाल्यांच्या नव्या दुकानात गेलो होतो. त्यांनी बसा म्हणायच्या आधीच सांगून टाकलं, "लॉन्ड्रीवाले म्हणत होते, तुमचं कंपनीत काही चालत नाही."

"खरंय. काहीच चालत नाही," जाऊबाई करवादल्या आणि न सांगता खुर्ची ओढून बसल्या. "आता तुमच्याकडे पेटण्यासारखं काय काय आहे, ते दाखवा."