लाह्यांची ज्वारी आणि बंद पेव

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसतच वाचतोय. आमच्या घरात लिंबू सरबतासाठी येतं आणि मिरची ठेच्यासाठी. दाराला टांगायला नाही. मी कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. आवाज आला की कुठलातरी बोल्ट ढिला झालाय एवढंच मला कळतं, आणि आजवर दर वेळी बोल्टच ढिला निघालाय. एक आवाज सोडून... तो सांगायला आज लिहितोय. ओघात माझ्या लेकीचं कौतुक जरा जास्तच होईल, ते चालवून घ्या. बापाने नाही करायचं तर कोणी करायचं?

लेक म्हणजे केतकी. सोलापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, बॉटनी. त्यांना फील्डवर्क होतं. विषय — जैवविविधता संवर्धन आणि नैसर्गिक संसाधनांचा शाश्वत वापर. एवढं लांब नाव ऐकून मी म्हणालो, "म्हणजे झाडं लावायची ना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा प्यायलो. मग तिने समजावलं. आपल्या भागातली नाहीशी होत चाललेली एक गोष्ट शोधायची आणि ती लोकांच्या वापरात परत कशी येईल ते बघायचं. बाकीच्या गटांनी माळावरचं गवत घेतलं, तळ्यावरचे पक्षी घेतले. केतकी, यास्मिन आणि श्रीलता या तिघींनी घेतल्या ज्वारीच्या जुन्या जाती.

गावोगाव हिंडल्या पोरी. सुट्टीच्या दिवशी माझी जुनी गाडी आणि ड्रायव्हर म्हणून मी. दगडी ज्वारी मिळाली, गोड हुरड्याची मिळाली, पण लाह्यांची लाल ज्वारी काही मिळेना. जो तो सांगायचा, "व्हती की आमच्याकडं. आता कुटं ऱ्हायली?" उंच ताट, गुरांना भरपूर कडबा, पाणी बेताचं, आणि लाही फुटली की मोगऱ्याच्या कळीएवढी. नागपंचमीला या ज्वारीशिवाय चालायचं नाही म्हणे. केतकीने ती ज्वारी मनावरच घेतली. जेवतानासुद्धा तोच विषय. ती सापडली नाही तर आपला प्रोजेक्ट म्हणजे नुसतं गेलेल्यांचं गुणगान, असं ती म्हणायची.

वैरागच्या पुढे एका गावात सोजरमावशी भेटल्या. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच लोक बघायला जातील. साठीच्या आसपासच्या, एकदम फटकळ. मुलगा दत्ता शेती करतो. मावशी म्हणाल्या, "लाह्याची ज्वारी आमच्या आत्याबाईंची व्हती. शेवटची रास त्यांनी पेवात टाकली आन त्याच साली त्या गेल्या. मग कुणी काढलंच न्हाय."

पेव माहीत नसेल तर सांगतो. जमिनीखालची धान्याची कोठी. वरून तोंड लहान, आत गाडग्यासारखी फुगीर. आतून कडब्याचं अस्तर लावतात, तोंडावर शिळा ठेवून चिखलाने लिंपून टाकतात. मावशींचं पेव अंगणातच होतं आणि त्यावर रोज शेळी बांधलेली असायची. आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, यमुनाबाई. त्या गेल्या तेव्हा दत्ता रांगत होता. आता दत्ताला दोन पोरं आहेत.

केतकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, पेवातलं बी सहसा रुजत नाही. पण निदान दाणा तरी बघायला मिळेल." डोळे असे चमकत होते की नाही म्हणायची माझी काय बिशाद!

पुढच्या रविवारी सकाळी शेळी हलवली. दत्ताने पहारीने शिळा उचकटली. आतून उबट, आंबूस वास आला. थोडा वेळ तसंच उघडं ठेवून आम्ही चहा घेतला. उतरणार कोण, यावर जरा चर्चा झाली. मी पुढे सरसावलो, पण तोंड एवढं अरुंद की माझं पोट बघून यास्मिनच म्हणाली, "काका, आप अटकोगे." दत्ताचे खांदे रुंद. राहिली केतकी. अंगाने काडी — ती आईवर गेलीय.

मावशी म्हणाल्या, "आदी दिवा सोडा रं. दिवा जळतोय का बगायचं, मगच मानूस सोडायचं. आत्याबाईंचा नेम व्हता."

आता रॉकेलचा कंदील कोणाकडे असतो? दत्ताने घरातला चार्जिंगचा दिवा आणला, दोरीला बांधून पार तळापर्यंत सोडला. लख्ख उजेड पडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. दिवा छान जळतोय, मावशींचं समाधान झालं. माझंही झालं. मी केतकीच्या कमरेला आणि मांड्यांना दोर बांधला. गाठ माझी म्हणजे प्रश्नच नाही, त्या गाठीवर मी इंजिनाचे भाग उचललेत. पोरगी पेवाच्या तोंडावर बसली, दोन्ही पाय आत सोडले.

आणि आवाज आला.

फट्-फट्... सर्र. मग जरा थांबून पुन्हा... फट्-फट्, सर्र.

सूप. सुपात धान्य पाखडताना येतो तो आवाज. माझं बालपण त्या आवाजात गेलंय, मी तो झोपेतही ओळखेन. आणि तो पेवातून येत होता. भर दुपारी, बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना.

"कोण पाखडतंय?" केतकीने विचारलं.

"शेजारी असंल," दत्ता म्हणाला आणि भिंतीपलीकडे बघून आला. शेजारच्या घराला कुलूप होतं. आवाज चालूच होता. केतकीचे पाय जिथे लोंबत होते, तिथूनच. श्रीलताने यास्मिनचा हात धरला. मावशींनी पदर डोक्यावर घेतला.

"आत्याबाई हायत," त्या हळूच म्हणाल्या. "दोन झटके मारायच्या आन थांबायच्या. खडा बगायच्या."

"आई, गप बस की."

"तू कुटं ऐकलंयस? तू रांगत व्हतास."

इथे दुसरी कोणी असती तर किंचाळून पळाली असती. मी स्वतः दोर धरून पुतळा झालो होतो. केतकीने मात्र पाय बाहेर काढले, मांडी घालून तिथेच बसली आणि कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ आत बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"पप्पा, हा दिवा विझणार कसा?"

"नाही विझणार," मी म्हणालो. "नवा आहे, रात्रभर चार्ज केलाय."

"तेच म्हणतेय मी."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. इतकी वर्षं गॅसकटर वापरणारा माणूस मी! बॅटरीच्या दिव्याला हवा लागते कुठे? तो पाण्यातसुद्धा जळेल. केतकी शांतपणे सांगत होती — बंद पेवात धान्य वर्षानुवर्षं श्वास घेत असतं, ऑक्सिजन संपून जातो, जड वायू तळाला साचून राहतो. दिवा सोडायचा नेम त्याच्यासाठीच. आम्ही नेम पाळला आणि त्यातली ज्योतच काढून टाकली.

मावशींनी देवघरातलं निरांजन आणलं. डब्यात ठेवून दोरीने खाली सोडलं. कमरेइतकं खाली गेलं असेल-नसेल... विझलं. फडफड नाही, काही नाही. कोणीतरी बोटांनी चिमटीत धरावं तसं. पुन्हा पेटवून सोडलं, पुन्हा विझलं.

मी मटकन त्या शिळेवर बसलो. माझ्याच हाताने, माझ्याच पक्क्या गाठीने मी पोटच्या पोरीला तिथे सोडत होतो... श्रीलता रडायला लागली. केतकी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "झालं नाही ना काही? दोर सोडा आता हातातला." तेव्हा कळलं, मी तो अजून घट्ट धरून बसलो होतो. सुपाचा आवाज कधी थांबला, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या दिवशी पेवात हवा जावी म्हणून दत्ताने तोंडाशी मोठा पंखा लावला आणि तोंडावर काटेरी फांद्या टाकून तसंच उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, आम्ही परत गेलो. निरांजन तळापर्यंत जाऊन खूप वेळ जळत राहिलं. तरी केतकीने पुन्हा एकदा सोडायला लावलं. मग ती उतरली. मी मनात म्हटलं, घाबरून नको म्हणाली असती तरी मला तेवढाच अभिमान वाटला असता. पण उतरली.

मी दोनदा हाक मारली. मग आतून आवाज आला, "पप्पा, मी आधी फोटो काढते. कशालाच हात लावत नाही."

तो फोटो आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे. पेवातली सगळी ज्वारी काळी पडून ढेकळं झालेली. आणि भिंतीलगत, एका बाजूला, लाल दाण्यांची छोटीशी रास. स्वच्छ, टपोरी, पायलीभर असेल. तिच्यासमोर अर्धगोल करून कोंडा, खडे आणि किडके दाणे पडलेले. कोणी बाई भिंतीला पाठ लावून पाखडायला बसली की समोर जसे पडतात, तसे. सूप नव्हतं. पाऊल नव्हतं. मावशींनी फोटो पाहिला आणि मोबाईललाच हात जोडले.

मी फिटर आहे, मी सोडत नाही. अस्तराचा कडबा गळून आवाज आला असेल, हवा आत शिरताना आला असेल, उंदीर असतील — सगळं ताडून पाहिलं. लिंपलेल्या पेवात उंदीर जगत नाही. कडबा गळतो, पण दोनदा गळून खडा बघायला थांबत नाही. आणि ती रास कुठल्याच हिशोबात बसत नाही. आज इतके महिने झाले, माझ्याकडे उत्तर नाही. केतकीकडेही नाही, आणि ती तसं सरळ सांगते. त्याचाही मला अभिमानच वाटतो.

बी रुजणार नाही असं त्यांच्या मॅडमनीही सांगितलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात, ताटात ओल्या फडक्यावर केतकीने मूठभर दाणे ठेवले. बायको कुरकुरली, पण ताट हलवलं नाही. काही दिवसांनी सकाळी तीच ओरडली, "अहो, या इकडे!" सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त दाण्यांना पांढरे कोंब आले होते. उरलेल्या बियाण्यातला मोठा वाटा पोरींनी आधी मावशींना परत दिला. बी गावाचं, आपण फक्त शोधलं, असं त्यांचं म्हणणं. यंदा दत्ताच्या रानात लाल कणसं डोलतायत, आणि येत्या नागपंचमीला लाह्या घरच्या असणार.

कॉलेजात प्रोजेक्टचं सादरीकरण झालं तेव्हा पालकांनाही बोलावलं होतं. मी शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी दाणे तळहातावर घेऊन निरखून पाहिले.

"बियाण्याची निवड फार सुंदर आहे. एक दाणा वावगा नाही. कोणी केली?"

"यमुनाबाईंनी, सर."

"वा. कुठे असतात त्या?"

केतकीने एकदा मागे, माझ्याकडे पाहिलं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "गावीच असतात, सर."

पहिली टाळी मीच वाजवली.