हुंडा, फुर्र आणि न्यूयॉर्कचे ते दोघे

आमच्या घरात न्यूयॉर्कच्या एका हिप-हॉप ग्रुपचं नाव घ्यायला बंदी आहे. रात्री सापाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून आई त्याला ‘जनावर’ म्हणते. या ग्रुपला ती भर दिवसासुद्धा ‘ते जनावर’ म्हणते.

म्हणून मीही नाव घेत नाही. एवढंच सांगते, की हिप-हॉपच्या सोनेरी काळातला ग्रुप. तिघे पुढे उभे राहून शब्द फेकायचे आणि दोघे मागे बसून ठेका रचायचे. हे मागचे दोघे म्हणजे प्रोड्यूसर. (प्रोड्यूसर म्हटल्यावर माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, डोळ्यांसमोर पैसे घालणारा शेठ येतो. या दोघांकडे पैसे नव्हते. कान होते!) भंगारातून जुन्या रेकॉर्ड उचलायच्या, एकीतला ढोलाचा ठोका घ्यायचा, दुसरीतला कुणाचा तरी खोकला घ्यायचा, कापायचा, गरागरा फिरवायचा आणि त्यावर त्या तिघांना उभं करायचं. आज आपल्या वरातीत जो डीजे खिडक्यांच्या काचा हलवतो, तो त्या दोघांचाच नातू लागतो. पण पोस्टरवर फोटो कुणाचा? तिघांचा! टी-शर्टवर कुणाचा? तिघांचा! जाहीर निषेध!

निषेध हा माझा जोडधंदा आहे. मूळ धंदा अजून ठरायचाय. जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सूचना कमी आणि माझी पत्रकं जास्त असतात. पाण्याच्या वेळेवर पत्रक, सिटी बसवर पत्रक, हुंड्यावर तर तीन रंगांत पत्रक. आता त्या दोघांवर काढायचं ठरवलं. लिहायला बसले आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या या दैवतांनी तरी ज्याचा खोकला उचलला त्याचं नाव कुठे छापलंय? नाही छापलं! म्हणजे अन्यायाच्या पोटात अन्याय! मी रागारागाने पत्रकाचं शीर्षक टाकलं, ‘ज्याचा तुकडा, त्याचं नाव!’ आणि शपथ घेतली. मी स्वतः असा ठेका, म्हणजे बीट, बनवेन, आणि ज्याचा आवाज घेईन त्याचं नाव गावासकट छापेन.

या शपथेने माझ्या बहिणीचं लग्न मोडायला आणलं.

झालं असं, की त्याच दिवसांत शिल्पाताईला अक्कलकोट तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा महेश, शाळेत शिक्षक. आत्तापर्यंतच्या प्रत्येक स्थळाला ‘बघू’ म्हणून वाटेला लावणारी ताई याच्याशी बोलून गॅलरीतून परत आली ती कपाटाला धडकली. आई म्हणाली, “ठरलं म्हणायचं.”

बघायला आले तेव्हा सोबत त्याचे वडील होते, मल्लाप्पा अण्णा. घरची मेंढरं. साहजिकच आवाज असा, की या डोंगरावरून हाक मारली तर त्या डोंगरावरची मेंढी वळावी. बोलणं मराठी, राग आणि कौतुक कानडीत.

पोहे झाले. चहा आला. अण्णांनी बशीत ओतला. आणि मी कपाटावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून (पुरावा हवाच!) सगळ्यांसमोर विचारलं, “हुंड्याबद्दल आपली भूमिका काय? स्पष्ट सांगा.”

आईच्या हातातला ट्रे खडखडला. अप्पा पंख्याकडे बघू लागले.

अण्णांनी बशी तोंडाला लावली, फुर्रर्र केलं, आणि छाती ठोकून म्हणाले, “हुंडा न्हाय घेणार आमी! घेणाऱ्याच्या घरात पाणीबी पीत न्हाय म्या!”

माणूस सोन्यासारखा! चहा संपवून ते लगेच निघाले, तशी मी खाली जाऊन त्यांच्या ड्रायव्हरलासुद्धा हुंड्याचं पत्रक दिलं.

रात्री रेकॉर्डिंग ऐकलं आणि अंगावर काटा आला. विचाराने नाही हो, आवाजाने! तो ‘हुंडा’ म्हणजे नुसता बेस! नगाऱ्यावर टिपरू पडावं तसा. ‘घेणार’ला शेवटी काय सुंदर हेल होता! आणि ते बशीचं फुर्र! न्यूयॉर्कच्या त्या दोघांनी जन्मभर भंगार उपसलं असतं तरी असं फुर्र त्यांना सापडलं नसतं. मधल्या ‘न्हाय’वर मात्र आईचा ट्रे पुन्हा खडखडला होता. खराब तुकडा. कुठलाही प्रोड्यूसर खराब तुकडा टाकून देतो. मीही टाकून दिला.

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही? नाही कळलं! एकच तुकडा शंभरदा ऐकला की शब्द मरतो आणि ठेका उरतो. मला ‘हुंडा’ ऐकूच येत नव्हता, मला ‘धुम्’ ऐकू येत होतं.

साखरपुड्याला आईने मला बोलावून सांगितलं, “बारके, गाणी लावायचं काम तुझं. सनई लाव आन् गप बस.”

केवढा हा विश्वास! मी भारावले. त्या भारावलेपणातच ठरवलं, की नुसती सनई लावून या घराचा अपमान करायचा नाही.

कार्यालय भरलं. शपथेप्रमाणे नावागावासकट छापलेली माझी पत्रकं मी पेढ्यांच्या टेबलावर ठेवली होती. वाढणाऱ्यांना वाटलं, पेढा ठेवायला कागद आहेत. म्हणजे माणशी एक पत्रक आणि त्यावर एक पेढा! माझ्या चळवळीच्या आयुष्यात इतकं चोख वाटप कधी झालं नव्हतं. तिकडे महेशची आई ताईची ओटी भरायला पुढे झाली, गुरुजी थांबले आणि मी बटण दाबलं.

“हुंडा! फुर्र! घेणार! हुंडा-हुंडा! फुर्र! घेणार-घेणार-घेणार!”

नारळ धरलेला हात हवेतच राहिला. सगळं कार्यालय स्पीकरकडे बघू लागलं. मला वाटलं, भारावले. म्हणून आवाज वाढवला! पुढच्या रांगेत एक फेटेवाले आजोबा डावी-उजवीकडे मान हलवत होते. ते छी-थू करत होते. मला वाटलं, ठेका धरलाय.

“हुंडा-हुं-हुं-हुंडा! घेणार!”

मागून कुणीतरी विचारलं, “आवाज वळखीचा वाटतोय. कोन हाय?”

आता मोर्च्यात वाढलेल्या मुलीने अशा वेळी काय करावं? मी माइक उचलला आणि घोषणा दिली, “आवाज कुणाचा?” उत्तरही मीच दिलं, “मल्लाप्पा अण्णांचा!”

आणि ज्यांना शंका होती त्यांनी पेढा उचलला. खाली ठळक अक्षरांत छापलेलंच होतं: आवाज, त्यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका अक्कलकोट!

अण्णा उठले. “येन री हे?” ते अप्पांवर गरजले. “काय हो हे? म्या कवा हुंडा मागितला? चार मान्सांत माझं नाव छापून माझीच अब्रू काढताय व्हय?”

“अहो पाव्हणं, बसा... आमाला काय म्हाईत न्हाय...” अप्पा हात जोडत होते.

“बसायचं कुटं? हितं?” अण्णा आपल्या धाकट्या भावाकडे वळले. “गाडी काढ रे!”

महेश पाटावरून अर्धा उठला होता, धड उभा नाही, धड बसलेला नाही. आई म्हणाली, “बारके, काय केलंस गं हे!” मी तत्त्व समजावून सांगायला लागले. “अण्णा, हे श्रेय आहे! न्यूयॉर्कला दोन प्रोड्यूसर होते...”

“न्यूयॉर्क गेलं उडत!” हे अण्णा नव्हते. ही ताई होती. ओटीतले तांदूळ सांडत ती सरळ माझ्या टेबलाशी आली. डोळ्यांत पाणी, पण आवाज असा, की एक क्षण मला तोही तुकडा कापून ठेवावासा वाटला. “मूळचं रेकॉर्डिंग लाव. सगळं. न कापता.”

लावलं. आधी माझा प्रश्न आला. मग बशीचं फुर्र. मग अण्णा. “हुंडा न्हाय घेणार आमी! घेणाऱ्याच्या घरात पाणीबी पीत न्हाय म्या!”

फेटेवाल्या आजोबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. अण्णांनी आपलाच आवाज ऐकला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हौद री. व्हय, आसंच बोललो होतो.” धाकटा भाऊ गाडीची किल्ली खिशात घालायला लागला. ताईने श्वास सोडला. मी म्हटलं, जिंकलो!

आणि मी रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले.

अण्णांच्या वाक्याच्या पुढे मी ते कधी ऐकलंच नव्हतं. मला लागणारं सगळं त्याच्या आधीच मिळालं होतं. त्या दिवशी पाहुणे निघाल्यावर मी खाली पत्रक वाटत होते आणि मोबाइल वर कपाटावरच चालू होता. कार्यालयाच्या दोन्ही स्पीकरमधून आई बोलू लागली.

“मान्सं लई चांगली हायत. मला भ्या हाय ते आपल्या बारकीचं. साखरपुड्यात माइक गावला तर ही भाषण ठोकंल.”

मग अप्पा. “तिला गाणी लावायला बसवा की कोपऱ्यात. तितनं काय बिघडवणार हाय?”

मग ताई. “बसवा. पण कोपरा लांबचा बघा.”

सगळ्या माना माझ्या कोपऱ्याकडे वळल्या. मग अण्णांच्या पोटातून काहीतरी निघालं, ते छातीपर्यंत आलं आणि फुटलं. ते हसणं अक्कलकोटच्या मेंढरांनीसुद्धा ऐकलं असेल. त्यांच्यामागे सगळं कार्यालय. महेश पाटावर पुन्हा नीट बसला. गुरुजींनी डोळे पुसले आणि ओटी पुढे सुरू झाली. अप्पा मात्र अजूनही पंख्याकडेच बघत होते.

जाताना अण्णा माझ्यापाशी थांबले. मी निषेधाच्या तयारीत उभी राहिले.

“ते फुर्र लई भारी झालंय,” ते हळूच म्हणाले. “पण पोरी, ‘न्हाय’ घाल की परत.”

घातलं. ट्रेच्या खडखडाटासकट. आणि खरं सांगते, त्या खडखडाटाने बीट कितीतरी चांगलं झालं. (आई मानत नाही, पण तिचंही नाव छापलंय.) आता अण्णांचा फोन वाजतो तेव्हा गावभर ‘न्हाय-न्हाय-फुर्र-न्हाय!’ घुमतं. न्यूयॉर्कच्या त्या दोघांचा वारसा सध्या एका मेंढपाळाच्या खिशात आहे.

लग्नपत्रिका काल छापून आली. वर गणपती, मध्ये वधूवर, खाली भाचरांचा आग्रह. आणि अगदी तळाशी, अण्णांनी छापखान्यात स्वतः उभं राहून घालून घेतलेली बारीक ओळ: ‘ध्वनिव्यवस्था : वधूची बहीण सोडून कोणीही.’

या ओळीचा निषेध करावा असं मनात आलं होतं. पण म्हटलं जाऊ दे. त्या दोघांचं नाव पोस्टरवर जन्मात आलं नाही. मी निदान बंदीपुरती तरी छापून आले!