हिम्मतरावांचा डावा हात

हिम्मतराव क्लॅरिओनेटवर मारवा वाजवतात हे हैदराबादच्या मोठ्या लोकांना शहाण्णव साली कळलं. आम्हा अफझलगंजवाल्यांना ते वीस वर्षं ठाऊक होतं. पण आम्हाला विचारतो कोण? आम्ही बँडवाल्यांची युनियन चालवणारे.

तीस वर्षं संध्याकाळी वरातीत फिल्मी गाणी आणि पहाटे एका म्हाताऱ्या सारंगियाकडे तालीम. मग वरातीत कीबोर्डची गाडी आली, दहा जणांचं काम एकटा करू लागला. बँड मोडला. तेव्हाच पुण्याहून आलेल्या अभिजीत नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांना ऐकलं आणि व्हायोलिन, तबला, तानपुरा जोडून चौघांचा संच बांधला. खर्च एक परदेशी कंपनी करणार होती. नामपल्लीच्या बागेतला कार्यक्रम तिच्या साहेबाला आवडला की चौघं दिल्लीला. वरात नव्हे, बैठक. हिम्मतरावांना जन्मात तेवढंच हवं होतं.

त्या संध्याकाळी मारवा असा चढला की साहेबसुद्धा मान हलवू लागला. तेवढ्यात हिरवळीपलीकडच्या मशिदीतून अजान आली. हिम्मतरावांनी क्लॅरिओनेट ओठांवरून काढलं आणि डावा हात वर केला. अजान कानावर आली की वरात गप्प करायचा बँडमास्तरांचा तो इशारा. पण तबलजी बँडमधला थोडाच! चार मात्रा पुढे गेला, अडखळला, थांबला.

"काका, विसरलात का?" अभिजीत कुजबुजला.

"बॅटरी खलास!" मागून कोणीतरी हसलं.

अजान संपली, हिम्मतराव त्याच सुरावर परतले. साहेब तोवर चहाकडे वळला होता.

दुसऱ्या दिवशी मी युनियनच्या पत्रकाचा मजकूर घेऊन काचीगुड्याला त्यांच्या खोलीवर गेलो. अभिजीत आधीच कागद पुढे करून बसलेला.

"छातीत दुखलं म्हणून थांबलो, एवढ्यावर सही करा. साहेब मानतील."

"छातीत दुखलं नाही."

"कागदावर दुखू द्या ना, काका!"

मी भडकलो. "अरे, त्यांनी अजानचा मान राखला! मी छापणार आहे."

"तू पण गप रे," हिम्मतराव म्हणाले. "मान-बिन काय नाय. तीस वर्षं हात वर गेला, काल बी गेला. मला तर मारवा संपवायचा होता."

"कायकू छळता त्यांना?" त्यांची बायको तारामती आतून ओरडली. "चाय प्या आन् निघा दोघं बी!"

अभिजीत हट्टालाच पेटला. "पुन्हा असं होणार नाही, एवढं तरी सांगा."

हिम्मतरावांनी कागद त्याच्याकडे परत सरकवला. "होईल, बेटा. रोखता आलं असतं तर कालच नसतं रोखलं?"

दिल्लीला त्यांच्या जागी कीबोर्डवाला गेला. मी चिडून पत्रक छापलं, त्यांना न विचारता. त्यावर हिम्मतरावांना तीन सभांची बोलावणी आली, एकोप्यावर चार शब्द बोला म्हणून. क्लॅरिओनेट घेऊन या, असं एकानेही लिहिलं नव्हतं.