टोपणावरचं कुंकू

दसऱ्याच्या पूजेत झेंडू आणि पेट्रोल यांचा वास एकत्र आला की मला आमच्या सीताफळाच्या बागेतली ती दुपार आठवते.

बसून चालवायचं, गवत कापायचं एक जुनं यंत्र आम्ही नुकतंच घेतलं होतं. संध्याकाळी नांदुऱ्याचा व्यापारी बाग पाहायला येणार होता आणि गवत गुडघाभर वाढलेलं. यंत्र उभ्या जागी छान चालायचं. गवतात घातलं, पात्यावर जोर आला, की धापा टाकत बंद पडायचं. रफिकभाई मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, तरी तेच.

"काल इतकी मनापासून पूजा केली त्याची, मंग रुसलं काऊन?" बायको म्हणाली.

रफिकभाईनं पेट्रोल पाहायला टाकीचं टोपण फिरवलं. फुस्सकन हवा आत गेली. टोपण निरखून तो हसतच सुटला.

"भाभी, तुमी तं इंजनचं नाकच बुजवून टाकलं!"

टोपणावरचं हवेचं बारीक भोक हळदीकुंकवानं गच्च भरलं होतं, म्हणून टाकीत हवा शिरत नव्हती आणि जोर आला की पेट्रोल पुरेसं खाली उतरत नव्हतं. टाचणीनं ते मोकळं केलं आणि व्यापारी यायच्या आत बाग साफ झाली.

तेव्हा मी तिच्यावर जाम चिडलो होतो. आता वाटतं, त्या भंगाराला घरचं माणूस समजणारी ती एकटीच होती.

हल्ली तिचे गुडघे दुखतात, म्हणून पूजा मी करतो. कुंकवाचं बोट टोपणाकडे गेलं, की खुर्चीतून ती ओरडते, "अहो, भोक सोडून लावा न!"

भोक कुठे आहे, ते मला झोपेतही सांगता येईल. बोट मी त्या ओरडण्यासाठीच तिकडे नेतो.