लाल सिलिकॉन

इंजिन टेम्पोतून उतरवलं, तेव्हा त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. चार दिवस किनाऱ्यावर कडक उन्हात पडलेलं लोखंड, तरी थेंब थांबेना. दोघा हमालांनी ते माझ्या बाकाशेजारी ठेवलं आणि निघून गेले. एरवी हेच गडी चहा पाजल्याशिवाय हलत नसत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सुरतेबाहेर, इच्छापोरच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज होतं. मी मूळचा परभणीकडचा, शेतातल्या पाण्याच्या इंजिनांवर हात बसलेला. सुरतेत आलो, वर्षभर लूमवर कान किटवून घेतले आणि पुन्हा पाना हातात धरला. खाडीतल्या होड्यांना तीच शेतातली डिझेल इंजिनं बसवलेली असत. मला पोहता येत नव्हतं, होडीत कधी पाय ठेवला नव्हता, पण तोरा असा, की होडीचं इंजिन म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!

इंजिनाबरोबर होडीवाल्याची बायको आली होती. चार दिवसांपूर्वी भर दुपारी तिच्या नवऱ्याची होडी भरतीच्या पाण्यावर खाडीत परत आली होती. रिकामी. इंजिनाचा आवाज नाही, वल्ही जागच्या जागी, आणि रोज तो बांधायचा त्याच खुंटापाशी येऊन उभी राहिली. काठावरच्यांनी हाका मारल्या. आत जेवणाचा डबा होता, न उघडलेला. फळीवर चपला जोडून ठेवलेल्या. पुढच्या कडीचा दोर पाण्यात सोडलेला. त्या दिवसापासून त्या होडीजवळ कुणी जाळंसुद्धा वाळत घालत नव्हतं. कुणी म्हणे, बाहेरचं काहीतरी लागलं. बाकीचे म्हणत, कसलं काय, वेरावळला त्याची दुसरी बाई आहे, दुसऱ्याच्या होडीत चढून पसार झाला. इतक्या नीट चपला काढून कुणी बुडतं का?

ती गुजरातीत बोलायची. मला सगळं कळायचं.

"मिस्त्रीभाई, एवढंच बघून सांगा. इंजिन त्यानं हातानं बंद केलं, की आपोआप बंद पडलं?"

"त्यानं काय होणार, बेन?"

"हातानं बंद केलं असेल, तर तो आपल्या पायानं गेला. म्हणजे जिवंत आहे."

नवऱ्याला दुसरी बाई असू दे म्हणून ही बाई देव पाण्यात घालून बसली होती. मी तिला स्टूल दिलं आणि इंजिनापाशी बसलो.

टाकीत अर्धं डिझेल होतं. मग बंद करायचा दांडा पाहिला. दांडा 'चालू'वरच होता. त्या इंजिनाच्या लेखी ते अजून चालत होतं. मी चाकाला हात घातला, जोर लावला, तसूभर हलेना. दमून हात काढला, पाना घ्यायला वळलो, तर पाठीमागं टक् असा आवाज झाला. चाक बोटभर फिरलं होतं. मी बाईकडं पाहिलं. ती जागची उठली नव्हती.

"तुम्ही हात लावला?"

"नाही."

अडकलेलं काहीतरी सैल झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू.

चेंबरचं झाकण काढलं. तळाशी तेल साठतं तो चेंबर, आणि ते तेल एका बारीक जाळीतून वर बेरिंगला जातं. जाळीला लाल कातडं चिकटलं होतं. ओढलं तर लांब लांब येत राहिलं, गांडुळासारखं. त्याच्या एका चपट्या तुकड्यावर अंगठ्याचा ठसा होता. मधोमध आडवी रेघ. मी माझा उजवा अंगठा शेजारी धरला. लहानपणी विळा लागला होता, त्याची आडवी खूण. ठसा माझाच!

दिवाळीच्या आधी तेल गळतंय म्हणून तिचा नवराच हे इंजिन माझ्याकडं घेऊन आला होता. मी कागदाचं पॅकिंग कापलं आणि वरून ते नवीन निघालेलं, रबरासारखं सुकणारं लाल सिलिकॉन अर्धी ट्यूब थापलं. आमच्या गावाकडं जे लावायचं ते असंच भरपूर थापतात. पेरणीआधी दरवर्षी इंजिन उघडतात, आत उतरलेला चोथा जाळीवरून पुसतात, झालं. होडीचं इंजिन वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही आणि ते दिवसभर धडधडतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. कागदाला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, पातळ हात पुरला असता. अति तिथं माती म्हणतात, ती अशी!

आता सगळं दिसत होतं. तेल तुटलं, बेरिंग वितळलं, खाडीच्या तोंडाशी इंजिन जाम झालं. ओहोटी होती. गडी चपला काढून, दोर धरून गाळात उतरला, होडी ओढायला. गाळात उतरताना माणूस चपला काढतोच, खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण दुसरी बाई असली की गोष्टीला चव येते. मग पाय रुतले आणि भरती लागली.

मी तुकडा मुठीत दाबला.

"हातानंच बंद केलंय, बेन," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाटलं रडतेय, तर हसत होती! उठली, म्हणाली, इंजिन भंगारात घालते, आज संध्याकाळच्याच गाडीनं वेरावळला जाते, घर घर पालथं घालते. "सवतीच्या पाया पडेन, पण घेऊन येईन."

मूग गिळून बसलो असतो, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती दारापर्यंत गेलीही. तिची पाठ बघवेना. मी हाक मारली, मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. दांडा दाखवला, जाळी दाखवली, अंगठा दाखवला. ती आता माझ्या डोक्यात पाना घालेल असं वाटलं. घातला असता तर बरं झालं असतं.

तिनं तुकडा हातात घेतला, उजेडाला धरला.

"तो इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडं नेणार होता," ती म्हणाली. "म्हणायचा, त्या मिस्त्रीचं काम पातळ हाताचं, मोजकं. मीच भांडले. म्हटलं, मराठी मिस्त्रीकडं ने, तो हात आखडत नाही, भरपूर लावतो."

मग ती स्टुलावर बसली आणि हातातल्या बांगड्या काढायला लागली. डाव्या हातातली एक निघेना. ओढून ओढून हात लाल झाला.

"मिस्त्रीभाई, थोडं तेल द्या," ती म्हणाली.

मी दिलं.