नागावच्या वाडीत पाणी आलं!

मंडळी, आजची सकाळ तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही!

गिरगावच्या चाळीतून आगबोटीनं आम्ही चार दिवस नागावला आलोय, काशीकाकूंच्या नारळीच्या वाडीत. सकाळी काकूंनी रहाटाला रेडा जुंपला. विहिरीतून गाडगी भरभरून वर आली आणि झाडांमधल्या पाटातून पाणी खळाळत निघालं.

झालं! चाळीत नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, तीच सवय! आमचा बंडू ओरडला, "आई, पाणी आलं! ऊठ, जाईल!" बंडूनं आणि धाकट्या चिमीनं घागर, कळशी, तांबे, चहाचे कपसुद्धा भरून ओळीनं मांडले. खरं सांगते, बादली घेऊन मीही धावले!

काकू पोट धरून हसल्या. "आगं, पानी कुटं जातंय? रेडा चालतोय तवर हायच. वता सगलं माडांना!"

पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पाणी ओतायचं? मी मान डोलावली मात्र, बंडू नाचत नाचत माडांवर आणि स्वतःवर कळश्या रिकाम्या करत सुटला. कोणी रागावलं नाही!

चिमीनं मात्र एक तांब्या अजून परकराआड लपवलाय. म्हणते, "हा उद्याला."

तुमच्याकडे पाण्याचा आवाज आला की पोरं नाचतात, की धावतात?